सव्वातीन इंचांची गादी

तारीख नऊ नोव्हेंबर, वार सोमवार. रक्कम अठ्ठावीस हजार पाचशे रुपये, रोख. स्थळ हातोद, मंडीच्या मागचं आवार. हजर: माझे काका म्हणजे नाना, गाडीचा मालक, मी, आणि एक बकरी, जी गाडीत बसली होती आणि जिला हा व्यवहार मान्य नव्हता. नानांची पद्धतच तशी होती. घरात नवा कुकर आला तरी तारीख, रक्कम आणि हजर असलेल्यांची नावं ते डायरीत लिहीत, म्हणजे पुढे कोणी 'मला विचारलंच नाही' म्हणायला नको. त्या दिवशीच्या नोंदीत बकरी राहिली. तेवढी मी इथे भरून काढतो.

गाडी म्हणजे एक जुनी मॅटाडोर. तिने आयुष्यभर लसूण वाहिला होता आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नव्हती. हातोदहून इंदूरपर्यंत नानांनी ती ताशी तीस किलोमीटरने आणली. वाटेत दोन ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेले, दुसऱ्याच्या ट्रॉलीतल्या बायकांनी हात हलवला. नाना बांधकाम खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी पुलांचे नकाशे काढले, त्यातले काही पूल बांधलेही गेले. रामबागेत घरासमोर गाडी उभी करून त्यांनी जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं की हे आता फिरतं घर होणार, आत झोपायला पलंग, बसायला बाक, चहाला स्टोव्ह, आणि यातून भारतभ्रमण करायचं. लोकांनी गाडीकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि घरी जाऊन भारताची काळजी केली.

माझी मुलगी हल्ली मोबाइलवर मला असे व्हिडिओ दाखवते. तिशीतली जोडपी नोकऱ्या सोडून गाडीत राहतात, पहाटे मागचं दार उघडतात, समोर तलाव असतो, हातात कॉफी असते. गाद्यांच्या खोळी पांढऱ्याशुभ्र. मी तिला विचारतो की खोळ कोणी शिवली ते दाखवतात का. ते दाखवत नाहीत.

भारतभ्रमण ही थाप होती आणि ती थाप आहे हे आमच्या घरात तिघांनाही माहीत होतं. खरं कारण काकू. नऊ वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि तेव्हापासून तिच्या बसण्याला मुदत आली: पंचवीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. सव्विसाव्या मिनिटाला तिच्या चेहऱ्याचा रंग उतरायचा. उभं राहणं जमे, आडवं पडणं जमे, तेही तिच्या स्वतःच्या कापसाच्या कडक गादीवर. फोममध्ये पाठ बुडते, खाटेवर पाठ वाकते, परक्या गादीवर पाठ रात्रभर भांडते. आणि तिची मोठी बहीण आक्का होती बऱ्हाणपूरला, बसने सहा तास, मधे घाट. आई गेली तेव्हा काकू चार वर्षांची होती. आक्काने तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. आक्काला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचाही उपयोग नव्हता. त्या दिवाळीत आक्काचं कार्ड आलं, की मुलं बावीस डिसेंबरला माझं सहस्रचंद्रदर्शन करायचं म्हणतायत. तू येणार असशील तर करा म्हणते, नाहीतर म्हातारीने चंद्र पाहिले नाहीत अशी कोणाची तक्रार आहे?

काकूने ते कार्ड उशीखाली ठेवलं. शेजारच्या वकीलसाहेबांनी ॲम्ब्युलन्स सुचवली. काकू म्हणाली, "ॲम्ब्युलन्समधून उतरले तर आक्का दारातच जाईल. मग तीच गाडी तिच्या कामाला येईल." त्यानंतर आठ दिवसांनी नानांना भारत पाहावासा वाटू लागला. बायकोला एकदा माहेरी न्यायला एवढा खर्च करणारा माणूस रामबागेत हास्यास्पद ठरला असता. भारतभ्रमणाला निघालेला माणूस फक्त वेडा ठरतो.

मी या घरात कसा, तेही सांगतो. मी सतरा वर्षांचा होतो आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत अकरा गुणांनी राहिलो होतो. वडिलांची नोकरी खरगोनला, तिथे शिकवण्या नव्हत्या, म्हणून पुन्हा तयारी करायला मला नाना-काकूंकडे ठेवलेलं. तयारी चालू होती, म्हणजे पुस्तक उघडं होतं. काकू मधल्या खोलीत गादीवर पडून घर चालवी आणि तिच्या हुकमांमध्ये माझा अभ्यास बसवलेला असे. तिला सगळं कानांनी दिसे. "श्रीकांता, तिसरी शिट्टी झाली." "श्रीकांता, गराडू अजून तेलात बोलतायत, काढू नकोस." गराडू म्हणजे आमच्याकडे थंडीत तळून मसाला भुरभुरून खातात तो कंद, तो गप्प झाला की काढायचा, हे मी इंजिनिअरिंगच्या आधी शिकलो, आणि इंजिनिअरिंग पुढे कधीच शिकलो नाही. सकाळी पोह्यांवर शेव किती घालायची यावरून नाना रोज मला टोकत, कारण शेव संपण्याचा वेग त्यांनी काढून ठेवला होता.

सुताराने गाडीत डाव्या बाजूला सहा फूट बाय दोन फूट चार इंचांची फळी बसवली, रंधा मारून, वॉर्निश लावून, आरशासारखी. नानांना ती इतकी आवडली की पहिल्याच रविवारी काकूला तिच्या गादीवर झोपवून आम्ही सांवेरच्या रस्त्याला चाचणीला निघालो. सांवेरच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला मधे आला, नानांनी ब्रेक मारला, आणि गादी त्या आरशावरून काकूसकट घसरत थेट ड्रायव्हरच्या सीटला जाऊन थडकली. काकू घरी आल्यावर चार दिवस उठली नाही. पाचव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून तिने एवढंच सांगितलं की गादी जागेवर राहील तरच ती गाडीत पाय ठेवील. दोरीने बांधून पाहिलं, तर दोरी नेमकी पाठीखाली यायची. उपाय एकच निघाला: गादीला जाड कॅनव्हासची घट्ट खोळ, खोळीच्या तळाला कड्या, आणि कड्या फळीला पक्क्या. तारखेला चार आठवडे होते.

परदेशीपुऱ्यात कमलाबाई म्हणून होत्या. टेम्पो आणि रिक्षांच्या सीटा शिवायच्या. मूळच्या खानदेशातल्या, सासरे मिलसाठी आले, नवरा मिलमध्ये लागला, मिल बंद पडली आणि बाई मशीनवर बसली ती बसलीच. त्यांना नानांनी माप घ्यायला बोलावलं. बाई गाडीत चढल्या, नाक धरलं, आणि फळीवर वीत टाकत गेल्या. नाना हातात स्टीलचा टेप घेऊन उभे होते.

"आठ वीत और चार उंगल," बाई म्हणाल्या.

"वीत कोणाची?" नाना म्हणाले.

"मेरी, बाबूजी. सिलना भी तो मुझे ही है."

नानांनी त्यांना समजावलं की वीत हे माप नव्हे, माणसागणिक बदलतं, सरकारने ते केव्हाच रद्द केलं आहे. बाईंनी पानाची पिचकारी गटारात नेमकी मारून दाखवली, टेप न लावता, आणि म्हणाल्या, "तो खुद सिल लो." आता कोणीही शहाण्या माणसाने याचा अर्थ 'मी चालले' असा घेतला असता. नानांनी तो सल्ला समजून स्वीकारला आणि त्याच पायरीवर विचारलं की शिकवायची फी काय. बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हा? दहा दिवस भेजो. फी शिकल्यावर सांगते."

अशा रीतीने अकरा गुणांनी राहिलेला मुलगा सायकलवर टांग मारून परदेशीपुऱ्यात शिवण शिकायला जाऊ लागला. कमलाबाईंचं दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, समोर पत्र्याखाली ओटा, ओट्यावर काळं जाड पायमशीन. घरगुती मशीन पुटपुटतं. हे मशीन हाणामारी करायचं. पहिले दोन दिवस त्यांनी मला दोराच दिला नाही. रिकाम्या सुईने कागदावरच्या रेघेवरून टीप मारायची. कागद घरून आणायचा. मी शिकवणीचे जुने प्रश्नसंच नेले. भौतिकशास्त्राच्या प्रत्येक ओळीखालून मी सरळ टीप मारली, आणि त्या प्रश्नसंचांचा मला झालेला हा पहिला उपयोग. चार दिवसांत अकरा सुया मोडल्या. बाई म्हणाल्या, "तेरा अकरा से पुराना रिश्ता दिखता है." माझे गुण त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. सीट शिवून घ्यायला थांबलेले रिक्षावाले मला इंजीनियर म्हणू लागले. "इंजीनियर भिया, हमारी सीट में भी एक टाका मार दो, पूल के नीचे से निकलना है."

पण शिकवलं त्यांनी खरं. सुईला ढकलायचं नाही, कापडाला नुसता रस्ता दाखवायचा. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली असतानाच पाय उचलून वळायचं. खडूची रेघ कापायची की सोडायची ते आधी ठरवायचं, नाहीतर प्रत्येक तुकड्यात रेघेएवढी चोरी होते. सहाव्या दिवशी त्यांनी मला बाकाच्या फोमच्या दोन गाद्या दिल्या. फोमचा नियम असा, की खोळ फोमपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच लहान बेतायची, म्हणजे फोम दबून बसतो आणि वर झोळ पडत नाही. मी टेपने मोजलं, सूतभर चूक केली नाही, आणि दोन्ही खोळी अशा बसल्या की रिक्षावाल्यांनी बोटाने टिचकी मारून पाहिली. आठव्या दिवशी बाई तंबाखू मळता मळता म्हणाल्या, "तुझ्या काकूची गादी रुईची ना? मग तिला जगह ठेव. फोमला दाबायचं, रुईला सोडायचं. रुई साँस लेती है."

हे मी घरी नानांना सांगितलं. नाना हसले नाहीत, ते कधीच हसत नसत, पण म्हणाले की कापूस ही मृत वस्तू आहे. मलाही ते पटलं. दोन खोळी टिचकी मारण्याइतक्या बसवलेल्या मुलाला कोणतंही विज्ञान पटतं. आम्ही दोघांनी काकूला उठवून गादीची उंची नऊ ठिकाणी मोजली आणि सरासरी काढली: सव्वातीन इंच. पावसाळाभर अंगाखाली दबलेली, दमट, नऊ वर्षांची गादी ती. लांबीरुंदीत फोमच्या नियमाने अर्धा इंच कमी धरला, उंचीत उदार होऊन सव्वातीन पूर्ण ठेवले. कॅनव्हास परदेशीपुऱ्यात मिलचा उरलेला माल म्हणून वजनावर मिळे. नानांनी एका चौरस फुटाचं वजन काढून बरोबर लागेल तेवढाच आणला. बेतून झाल्यावर चिंधीसुद्धा उरली नाही. आम्हाला त्याचा अभिमान वाटला होता, म्हणून लिहून ठेवतो.

वीस डिसेंबर, रविवार. सोमवारी पहाटे निघायचं होतं. दुपारी चारला गाडीची पूजा ठेवली होती. झेंडूचं तोरण, नारळ, पेढे, वकीलसाहेब सहकुटुंब, गल्लीतले आणखी सात-आठजण. काकूला वेताच्या खुर्चीवर बाहेर आणून बसवलं, चार वाजून दोन मिनिटांनी. ती नवी साडी नेसली होती आणि मांडीवर आक्काचं कार्ड होतं. मी तयार खोळ घेऊन उभा. नाना म्हणाले, गादी आणा.

गादी गच्चीवर होती. आता इथे ज्यांच्या घरी कापसाच्या गाद्या होत्या ते वाचक पुढचं ओळखतील. काकूने गुरुवारी कामवालीला सांगून गादी गच्चीवर टाकली होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार दुपारपर्यंत, चार दिवसांचं थंडीतलं कडक ऊन, आणि रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंनी काठीने झोडपणं; रात्री आत आणून वर चादर टाकलेली, आणि दिवसा तिच्या जागी तशीच चादर घातलेल्या सतरंज्या. आक्काच्या दारात दमट गादी घेऊन कशी जाणार? आपल्यात पाहुणा येण्याआधी आणि पाहुणा म्हणून जाण्याआधी गादीला ऊन दाखवतातच. त्यासाठी कोणी कोणाला विचारत नाही, तसं तिनेही आम्हाला विचारलं नाही. आणि आम्ही दोघं विद्वान माप घेण्यात इतके गढलेलो, की ज्या वस्तूचं माप घेतलं ती कुठे आहे हे आम्ही पाहिलं नव्हतं. दोघाजणांनी ती खाली आणली. नऊ वर्षांनी मोठा श्वास घेतलेली, फुगलेली, तरुण गादी. नानांनी तिथल्या तिथे नऊ ठिकाणी टेप लावला. सरासरी चार इंच सात सूत, म्हणजे पाच इंचांना एकच सूत कमी.

"माप बरोबर आहे," नाना म्हणाले. "गादी चुकली आहे."

मग आम्ही तिला कोंबली. वकीलसाहेबांनी गुडघा दिला, त्यांच्या मुलाने दुसरा. मी चेन ओढत होतो. पाऊण गादी गेली, चेन कोपऱ्यावर आली, आणि मधूनच दात सोडून फाकली. पाठोपाठ माझी टीप वीतभर उसवली, एका दमात, त्या मशीनसारखाच आवाज करत. पेढ्यांचं ताट हातात धरलेल्या वकीलसाहेबांच्या बायकोने ते हळूच खाली ठेवलं. काकू उठली. माझं लक्ष नकळत घड्याळाकडे गेलं: एकोणिसावं मिनिट होतं, मुदत संपली नव्हती.

"राहू दे, श्रीकांता," ती म्हणाली. "आक्काला कळव, पाठ धरली म्हणून."

आणि आत गेली. तिची गादी बाहेर आमच्या तावडीत होती, म्हणून ती आत सतरंजीवर पडली. हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, कारण त्या घरात राहून मलाही कानांनी दिसू लागलं होतं. नाना टेप हातात घेऊन उभे होते. टेप त्यांनी बाहेर ओढला, सोडला, तो आत गेला. पुन्हा ओढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माप चुकलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मी सायकल काढली. कमलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी धापा टाकत सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "उन्हात घातली ना? घातलीच असेल. मराठी घर आहे." त्यांनी तांदळावर ताट झाकलं, दोन मोठ्या सुया, मेणाचा दोरा आणि कात्री फडक्यात बांधली आणि टेम्पोने रामबागेत आल्या. खोळ उलटीपालटी करून पाहिली, माझ्या टिपेवरून बोट फिरवलं. खोळ तीच चालेल, म्हणाल्या; फक्त बाजूची पट्टी मधून कापून सगळीकडून अडीच इंच जोड घालायचा, आणि चेनच्या जागी नाड्या. नाडी सैल करता येते; चेन कोणाचं ऐकत नाही. कापड मात्र जाड पाहिजे, लांब पाहिजे, मधे जोड असला तर घाटात तिथूनच फाटेल.

कॅनव्हासची चिंधीसुद्धा उरलेली नव्हती आणि रविवारी बाजार बंद. काकूने आतून आपली साडी पाठवली. बाईंनी ती चुरगाळून परत केली, फिसलते म्हणाल्या. चादरी विरलेल्या. पडदे सहा फुटांना कमी. नाना आत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास त्यांच्या आधी बाहेर आला. त्यांच्या हातात निवृत्तीच्या सत्काराची शाल होती. किरमिजी रंगाची, जाड लोकरीची. चौतीस वर्षांच्या नोकरीचं तेवढं एकच दृश्य फळ. तिच्या घडीत गोळ्या किती आहेत हे ते दर महिन्याला मोजत, आणि पाहुण्यांना ती दाखवत पण हातात देत नसत.

बाईंनी हात पुसून ती घेतली. कापडाचा पोत पाहिला, मग नानांकडे पाहिलं. "बाबूजी, ये कपडा कम, इज्जत जादा है."

"इज्जतीचं माप घ्या," नाना म्हणाले. "ऐंशी इंच बाय चाळीस इंच."

पट्ट्या नानांनीच आखल्या, पट्टी-पेन्सिलने, साडेतीन इंचांच्या तीन. बाईंनी कापल्या. मशीनवर न घालता ओसरीत बसून आम्ही दोघांनी मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवलं, त्या एका टोकाने आणि मी दुसऱ्या. शिवता शिवता बाई मला म्हणाल्या की त्यांच्या नवऱ्याला मिलने निरोपाला कुलूप दिलं, गेटावरचं. आणि त्यांना स्वतःला एवढ्या वर्षांत कोणी नारळसुद्धा दिला नाही. तक्रारीचा सूर नव्हता, दोरा संपल्याचं सांगावं तसं सांगितलं. रात्री दहाच्या आत गादी खोळीत गेली, नाड्या बांधल्या, आणि थोडी जागा उरली. बाईंनी त्या जागेत हात घालून दाखवला. "ही रुईची," म्हणाल्या.

सोमवारी पहाटे निघालो. भैरव घाटात नानांनी इतकी सावकाश वळणं घेतली की मागे ट्रकांची रांग लागली आणि आमच्या कुळाचा उद्धार झाला. मी काकूच्या पायाशी खाली बसून कड्यांवर लक्ष ठेवून होतो. गादी सूतभर हलली नाही. बडवाहला नर्मदेच्या पुलावर काकूने मान न उचलता पूल कोणी काढला विचारलं, नाना म्हणाले, "आमच्या खात्याने नाही. म्हणून आहे." सात तास वीस मिनिटांनी बऱ्हाणपूरला आक्काच्या दारात गाडी लागली. मुलं, सुना, नातवंडं सगळी काकूला उतरवून घ्यायला धावली. आक्का मागून काठी टेकत आली, सगळ्यांना काठीने बाजूला केलं, आणि काकूला उतरू दिलंच नाही. नातवाच्या खांद्याला धरून तीच गाडीत चढली, लसणाच्या वासाबद्दल काहीतरी बोलली, आणि दोन फूट चार इंचांच्या त्या गादीवर काकूच्या शेजारी आडवी झाली. दोघी अंगाने किरकोळ, मावल्या. मग आक्काचा हात गादीच्या कडेवरून फिरत फिरत किरमिजी पट्टीवर आला.

"शिवण कोणाची?" बहिऱ्या माणसांच्या आवाजात तिने विचारलं, म्हणजे अख्ख्या गल्लीला. "वाकडी आहे."

"आमच्या इंजिनिअरची," काकू तिच्या कानाशी ओरडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

भारतभ्रमण त्यापुढे झालं नाही. मॅटाडोर दोन वर्षांनी एका केटररने नेली. लसणाच्या वासाची किंमत त्याने कमी धरली नाही, ही त्याची सज्जनता. मी बी.कॉम. केलं. खोळ अजून माझ्या माळ्यावर आहे, आणि आक्का बरोबर होती, उजवीकडून तिसऱ्या नाडीपासून माझी शिवण दोन सूत खाली उतरते.

फी राहिली. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा बुशशर्ट घालून, पाकिटात पैसे घेऊन परदेशीपुऱ्यात गेले. मी बऱ्हाणपूरची मावा जिलेबी घेऊन सोबत. कमलाबाईंनी जिलेबी ठेवून घेतली आणि पाकीट परत केलं. पोराने दहा दिवस माझं काम केलं, हिशेब बरोबर, म्हणाल्या. नाना फुकट काही घेत नसत, ते हलेनात. तेव्हा बाईंनी मशीनवरून नजर न उचलता विचारलं, "वो बचा हुआ तुकडा क्या किया?" तो तुकडा नानांनी गोळ्या घालून परत कपाटात ठेवला होता. ते माझी सायकल घेऊन घरी गेले आणि पाऊण तासाने आले. बाईंना उठून उभं राहायला सांगितलं, आणि निवृत्तीच्या दिवशी नानांच्या खांद्यावर साहेबांनी शाल जशी घातली होती तशी, दोन्ही टोकं सारखी करून, घातली.

अखेर दिलेली फी: शालीचा उरलेला तुकडा, लांबी ऐंशी इंच, रुंदी साडेएकोणतीस इंच, आणि एक नारळ. घेणार कमलाबाई, परदेशीपुरा. हजर: नाना, मी, आणि सीट शिवून घ्यायला थांबलेला एक रिक्षावाला, ज्याने टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी मी तिकडून जाताना पाहिलं तर दुकान बंद होतं आणि शाल मशीनवर टाकलेली होती, धूळ बसू नये म्हणून. नानांनी घरी विचारलं, शाल वापरतात का त्या? मी म्हटलं, रोज.